अण्णांच्या गुळण्या

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या अण्णांची मेल्यावरही गेली नाही, असं त्या दिवसांत आमच्या घरातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं. उरलेल्या निम्म्यांत मी एकटी होते. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना "ब्रेक, अहो ब्रेक" म्हणून ओरडायचं, हा माझा धंदा. समोर भिंत दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबणारी शहाणीसुरती माणसं रोज पाहिली, की भुताखेतांचं भय उरत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या गुळण्या आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होत्या. सकाळी उठले की बेसिनपाशी उभं राहायचं, मान मागे टाकायची आणि सुरू. पहिली गुळणी लहान, दुसरी मध्यम, तिसरी मात्र गवयाने तान घ्यावी तशी लांबलचक. मग एक खाकरा, आणि मागे न बघताच उजवा हात पसरायचा. त्या हातात आईने चहाचा कप ठेवायचा. जरा उशीर झाला तर हात तसाच पसरलेला. आई म्हणायची, घसा धुताय की विहीर उपसताय? पण कप वेळेवर यायचा.

अण्णा गेले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आईने मात्र ‘गेले’ हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. "ह्यांना चहा गोडच लागतो," असं तिचं सगळं वर्तमानकाळात चालायचं. रोज सकाळी ती दोन कप करायची. एक स्वतः प्यायची आणि दुसरा निवला की बेसिनमध्ये ओतून टाकायची. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, एकदा त्यावर तोंड उघडलं, तेव्हा मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. घोटभर चहाने कुणाचं काय वाकडं होणार होतं?

दादाची मुलगी पाच वर्षांची. अंगाने एवढीशी आणि तोंडाने तिखट, म्हणून तिला सगळे लवंगी म्हणतो. तिच्या हृदयात जन्मापासून भोक होतं. जिना चढली की ओठ निळे पडायचे, आणि तरी वर पोचून पहिली मीच म्हणून नाचायला निघायची. शेवटी ऑपरेशन करायचं ठरलं. सर्जन बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. ऑपरेशननंतर बाहेर येऊन त्यांनी भोक बुजवलं, पोर छान आहे, एवढंच सांगितलं. आमचा जीव भांड्यात पडला. वहिनी तिथेच फरशीवर बसली आणि हसत हसत रडली.

काही दिवस आयसीयूत काढून लवंगी पोरांच्या वॉर्डात आली. लांबट खोली, हिरवे पडदे, स्पिरिटचा वास, आणि कुठलं ना कुठलं यंत्र सारखं टिकटिक करणारं. तिला कोपऱ्यातली खाट मिळाली. उशाशेजारीच भिंतीत बेसिन होतं. सिस्टर म्हणाल्या, बरं झालं, हात धुवायला लांब जायला नको. तिथला नियमच होता, मुलाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. आमची आई तर इतके हात धुवायची की तिच्या बोटांची सालं निघाली.

त्या खाटेवर आमच्याआधी एक तान्हं बाळ होतं. त्याला ताप भरला, ते परत आयसीयूत गेलं आणि तिथून घरी गेलंच नाही. हे आम्हाला पलीकडच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने दबक्या आवाजात सांगितलं. सांगून झाल्यावर वर, तुम्ही काळजी करू नका हं, असंही म्हणाली. अशा माणसांच्या हातात मी कधी स्टिअरिंग देत नाही. त्याच दुपारी खाट आणि भिंत यांच्या फटीत वहिनीला इवलासा पिवळा मोजा सापडला. तिने तो उचलला आणि चटका बसल्यासारखा टाकून दिला. मी तो नेऊन सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. बराच वेळ तो तिथेच पडून होता, कुणी त्याला हात लावेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवंगी डोळे मोठे करून म्हणाली, "आत्या, आजोबा गुळण्या करतायत."

मी म्हटलं, कुठे गं? तिने बेसिनकडे बोट दाखवलं. आणि खरं सांगते, ऐकल्यावर माझ्याही अंगावर काटा आला. नळ बंद होता. जवळपास कुणी नव्हतं. पण बेसिनच्या पोटातून आवाज येत होता, आधी लहान, मग मध्यम, मग लांबलचक. शेवटी एक खाकरा.

मी सावरले. वरच्या मजल्यावर कुणी पाणी सोडलं असेल, पाइप तुंबला असेल, दुसरं काय, असं मोठ्याने सांगून टाकलं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. पण आईकडे पाहिलं आणि माझं बोलणं अर्धवटच राहिलं. वर्षभरात तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. माहेरचा निरोप आल्यासारखी ती त्या बेसिनकडे बघत होती.

त्यानंतर सकाळची पाळी तिने कुणालाच दिली नाही. थर्मास घेऊन उजाडता उजाडता हजर व्हायची. एकदा मी लवकर पोचले तर आई बेसिनवर वाकलेली, आणि कपातला दुधाळ, गोड चहा हळूहळू त्या जाळीत सोडत होती. सोडता सोडता पुटपुटत होती. चहा घ्या आणि निघा आता. पोरीत जीव गुंतलाय तुमचा, कळतं मला. पण तिचं अजून सगळं व्हायचंय.

मी तिला चांगली झापली. हे दवाखान्याचं बेसिन आहे, आपलं नाही. अण्णांना भेटायचं असतं तर ते घरी आले असते, इथे पास काढून कशाला येतील? आईने मान डोलावली, हो म्हणाली. आमची आई हो म्हणते तेव्हा समजायचं, की ती आपलंच खरं करणार. माझी पाठ वळली की पुन्हा तेच चालू राहिलं असणार, कारण थर्मास रोज रिकामा घरी यायचा, आणि आई दवाखान्यात चहाला तोंड लावत नाही हे मला ठाऊक होतं.

मग ताप आला. सकाळी लवंगी जरा मलूल वाटली, दुपारी तिने सूप तोंडातून बाहेर काढलं, आणि संध्याकाळी ती काहीच बोलेना. त्या पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं की समजावं, काहीतरी बिघडलंय. छातीवरची पट्टी सोडली तर टाक्यांची कड लालभडक, आणि खालून पिवळं पाणी. सर्जन बाई आल्या, वाकून बघितलं आणि तिला परत आयसीयूत हलवलं. जखम पुन्हा उघडावी लागली. जंतू आत हृदयापर्यंत पोचले तर आमच्या हातात फार काही राहणार नाही, हे त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी दिलेलं औषध लागू पडत नव्हतं.

आम्ही काचेबाहेर उभे. आत नळ्यांच्या गुंत्यात एवढीशी पोर. वहिनी एकच धरून बसली, ती खाटच तशी आहे, आधीचं बाळ नेलं, आता हिला नेणार, हिला ह्या दवाखान्यातूनच हलवा. दादा काचेला कपाळ टेकून उभा होता. आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पुटपुटण्यात आता विनवणी नव्हती, भांडण होतं. "असं करायचं नसतं हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला सगळ्यांवर ओरडावंसं वाटत होतं. पण ब्रेक कुणी लावायचा आणि कशाला, तेच समजेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला एका छोट्या खोलीत बोलावलं. समोर एक सिस्टर बसल्या होत्या, केस बारीक कापलेले, पायांत रबरी बूट. दवाखान्यात कुणाला कशाची लागण झाली की ती कुठून आली हे शोधायचं त्यांचं काम. सगळे त्यांना इन्फेक्शनवाल्या सिस्टर म्हणायचे. त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली, की लवंगीच्या जखमेला बाधा झाली आहे.

वहिनी पुढे सरकली. "बाहेरची?"

"नाही, बाहेरची नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही कुणी आणलेली नाही. ही इथलीच आहे. ह्याच वॉर्डातली."

वहिनीने तोंडावर हात घेतला आणि हंबरडा फोडला. "मी म्हणतच होते, तिथे कुणीतरी आहे म्हणून," ती म्हणाली. सिस्टर गोंधळून आमच्याकडे बघायला लागल्या. एका शब्दाची दोन टोकं धरून दोघी बसल्या होत्या. सिस्टरांच्या मनात जंतू होते, आणि वहिनीच्या मनात माझा बाप.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ऐका सिस्टर, तुमच्या त्या कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये माझे मेलेले वडील गुळण्या करतात, असं माझ्या घरच्यांना वाटतंय. तुम्ही आधी त्यांना समजावा, की भूत नाही. मग तुमच्या बाधेचं बघू.

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. हातातलं पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आवाज नळ बंद असताना येतो?"

मी म्हटलं, हो.

"म्हणजे पाणी खाली नीट जात नाही. आत साठून राहतं." त्या उठल्याच. "चला माझ्याबरोबर, मला दाखवा."

कोपऱ्यातली खाट रिकामी होती. सिस्टरांनी तिच्यावर पांढरा कागद पसरला, उशीवर, कठड्यावर, शेजारच्या औषधांच्या टेबलावरही. मग बेसिनच्या जाळीत कसला तरी निळा रंग ओतला आणि नळ पूर्ण सोडला. धार बरोबर जाळीच्या तोंडावर पडत होती. आम्हाला नुसतं पाणी दिसलं. थोड्या वेळाने त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाल्या, आता बघा.

उशीवर निळे ठिपके होते. मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. कठड्यावर होते. जिथे लवंगीच्या पट्ट्या बदलायचं सामान उघडून ठेवत, त्या टेबलावर होते. जितक्या वेळा कुणी तिच्यासाठी हात धुतले, तितक्या वेळा त्या भोकातलं काहीतरी उडून तिच्यावर येऊन बसलं होतं. आई आपली सालं निघालेली बोटं एकमेकांत अडकवून तो कागद बघत राहिली.

जाळीच्या आतून घासून त्यांनी नमुना काढला आणि तपासायला पाठवला. लवंगीच्या जखमेतले जंतू आणि ते एकच निघाले. त्या बाळाच्या रक्तातलेही तेच होते. हे ऐकल्यावर मात्र मी सिस्टरांना सोडलं नाही. मग बाळ गेलं तेव्हाच का नाही पाहिलंत? त्यांनी मान खाली घातली नाही, की आवाज चढवला नाही. म्हणाल्या, पाहिलं. यंत्रं पाहिली, सगळ्यांचे हात पाहिले, औषधांच्या बाटल्या पाहिल्या. बेसिन नाही पाहिलं. जिथे आपण स्वच्छ व्हायला जातो, तिथे संशय घ्यायचं सुचलंच नाही. चूक आमची आहे, तुमच्या घरच्यांची नाही.

मग त्यांनी विचारलं, ह्या बेसिनमध्ये हात धुण्याशिवाय कुणी काही ओतत होतं का? चहा, दूध, उरलेलं सलाईन? जंतूंना असं गोडधोड म्हणजे पंगतच. आमचीही माणसं ओततात, वर पाटी लावलीये तरी.

आई खुर्चीत बसली होती, थर्मास मांडीवर. तिने तो हळूच शालीखाली घेतला. दादाने पाहिलं नाही, वहिनीने पाहिलं नाही. मी पाहिलं आणि गप्प बसले. सिस्टरांनी आईकडे क्षणभर बघितलं, आणि पुढचं काही न विचारता त्या निघून गेल्या.

नळ तोडला. बेसिन प्लॅस्टिकने गुंडाळून कडेने चिकटपट्टी लावली. कुठल्या जंतूंशी गाठ आहे ते कळल्यामुळे आता औषधही नेमकं सुरू झालं. पण ते लागू पडेल की नाही, पोर वाचेल की नाही, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. वाट बघा, म्हणाले. आम्ही बाकड्यावर वाट बघत बसलो.

दादा आणि वहिनी काचेपाशी होते. आई माझ्या शेजारी. ती म्हणाली, "मी कुणाला चहा पाजत होते गं?"

मी तोंडाची फटकळ. खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. शिकणाऱ्याला गाडी येत नसेल तर पैसे परत देते, पण येते म्हणून सांगत नाही. पण त्या वेळी आईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी म्हटलं, "अण्णांनाच. दुसरं कोण असणार तिथे?"

आईने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग अगदी हळू म्हणाली, "मग माझ्या हातचा चहा पिऊन त्यांनी पोरीलाच धरलं?"

आईला वाचवायला गेले आणि सगळं खापर अण्णांच्या माथी फोडून बसले. ज्या माणसाने लवंगीला खांद्यावरून खाली उतरवलं नाही, त्या माणसाच्या माथी. आता खोटं निस्तरायला खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता.

"आई, ऐक. तिथे अण्णा नव्हते. कुणीच नव्हतं. पाइपमध्ये घाण होती आणि जंतू होते. आपण यायच्या आधीपासून होते. ते बाळ गेलं तेव्हा तू त्या वॉर्डात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतंस."

"पण चहाने वाढले असतील?"

"असतील. नसतीलही. ते सिस्टरांनाही सांगता येणार नाही."

तिने ते ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती स्वतःला बोल लावील, कपाळ बडवून घेईल. तिने त्यातलं काही केलं नाही. तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

"म्हणजे तो आवाज त्यांचा नव्हता?"

"नव्हता."

"आणि घरी मी ओतते, तिथे?"

तिचा हात हातात घेतला. बोटं खरखरीत झाली होती. म्हटलं, "तिथेही नाहीत, आई."

अण्णांना नेलं त्या दिवशी आई रडली नव्हती. आल्यागेल्याला पाणी देत होती, चपला नीट लावत होती. सगळे म्हणाले, काय धीराची बाई. त्या दिवसाचं रडू ती दवाखान्याच्या बाकड्यावर रडली. लोक येता जाता थांबून बघायचे. त्यांना वाटलं, हिचं पोर गेलं. एक बाई तर येऊन मला विचारून गेली, कितीशी होती हो? मी तिला हाकलून दिलं. पण तिने विचारलं आणि माझा जीव उडाला, मी उठून काचेपर्यंत पळत गेले. लवंगी होती. छाती खालीवर होत होती.

ताप हटायला वेळ लागला. रोज थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि आमचा जीव टांगणीला. शेवटी एका सकाळी सिस्टर तिच्या तोंडात औषध घालायला गेल्या तर लवंगीने त्यांना सांगितलं, की हे तुम्ही प्या, मी बघते. वहिनी काचेबाहेरून हे बघत होती. ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. वर्षानुवर्षं आमच्या दोघींचं काही फार सख्य नव्हतं. त्या दिवशी मी तिला सोडलंच नाही.

घरी आलो तेव्हा लवंगीच्या अंगावर मांस राहिलं नव्हतं, आणि छातीवर नको तेवढा जाड वण होता. पण ओठ गुलाबी. दवाखान्यातून निघताना मी वॉर्डातल्या त्या कोपऱ्यात डोकावले होते. बेसिन होतं तिथे भिंतीवर नुसतं चौकोनी गिलाव्याचं ठिगळ होतं, ओलं. खाट तिथून हलवली होती. त्या बाळाचा मोजा सिस्टरांच्या टेबलावर दिसला नाही. कुणी नेला, की फेकला, विचारायचं धाडस झालं नाही. माझ्यासारखीलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात होती. मी टेबलाशी बसले होते. लवंगी स्टुलावर चढून बेसिनपाशी उभी राहिली, मान मागे टाकली आणि गुळण्या करायला लागली. पहिली लहान. दुसरी मध्यम. तिसरी लांबलचक, दम लागेपर्यंत, तशीच तान घेऊन. मग एक खाकरा. आणि मागे न बघताच तिने उजवा हात पसरला.

आई तिच्या मागे उभी होती. ओट्यावर एकच कप होता.

"आजी, आजोबांचा कप कुठाय?" लवंगीने विचारलं. "आजोबा तिकडेच राहिले का? त्या भिंतीत?"

आईने तिचा पसरलेला हात आपल्या हातात घेतला. तो तळहात तिने पुसला, बोटं एक एक करून मिटली.

"नाही बाळा," ती म्हणाली. "आजोबा तिथे नव्हते. आजोबा गेले."

लवंगीच्या गुळण्यांचं पाणी अजून बेसिनमध्ये होतं. ते हळूहळू खाली गेलं, आणि शेवटाला आमच्या घरातलं ते जुनं बेसिनही पोटातून गुडगुडलं. आधी लहान, मग मध्यम. आम्ही तिघीही ऐकत होतो. मी, जिचा विश्वास नाही, तीही तिसऱ्या गुळणीची वाट बघत होते.

मग आई पुढे झाली आणि तिने ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.